चिंधी बांधलेली झाडं

बाबांनी एकच अट घातली होती. बाग आवरून झाली की निघू.

ऐकताना तिला ती अट किरकोळ वाटली होती. आई उन्हाळ्याच्या शेवटी गेली. तेव्हापासून दर शनिवारी कामावरून सुटली की ती तशीच बसमध्ये बसायची, दिवेलागणीला या घरी पोचायची आणि रविवारी संध्याकाळी परतीची बस धरायची. सोमवारी वाचनालयाच्या टेबलाशी बसली की पुस्तकांच्या पाठीवरची नावं डोळ्यांपुढे डुलायला लागायची. चेहरा उतरलाय तुझा, असं बरोबरीच्या बायका म्हणायच्या. चेहराच काय, ती अख्खीच उतरली होती.

त्यात किटलीचं प्रकरण झालं. मागच्या खेपेला ती दार उघडून आत आली तर घरभर जळका वास. स्वयंपाकघरात किटलीचं बूड काळंठिक्कर पडलेलं, शेगडी पेटती, आणि बाबा बाहेरच्या खोलीत रेडिओपाशी बसलेले.

"बाबा, वास नाही आला?"

"नाही गं. हल्ली वास कळतच नाही मला. चहा ठेवायचा का?"

त्याच रात्री दादाचा फोन आला. दादा लांब राहायचा, आणि लांबून त्याला सगळं स्वच्छ दिसायचं. "हे असं हिवाळाभर चालायचं नाही. थंडी पडायच्या आत तू त्यांना घेऊन जा." पार्सलबद्दल बोलावं तसं तो बोलायचा, पण बोलणं खोटं नव्हतं. तिने आपल्या दोन खोल्यांतली एक रिकामी केली, पुस्तकांचं कपाट जाण्यायेण्याच्या वाटेत ओढलं, त्या कपाटाला रोज कोपर आपटून घेतलं. बाबांनी वाद घातला नाही. एवढं निमूट ऐकलं की तिला धास्तीच वाटली. फक्त म्हणाले, बाग आवरून झाली की निघू.

आणि या घरात बाग आवरणं ही साधी गोष्ट कधीच नव्हती.

बाबांनी जन्मभर शिवणाचं दुकान चालवलं. कपड्याची उलटी बाजूसुद्धा सुलटीइतकी नेटकी असली पाहिजे, असा त्यांचा बाणा. पानगळ लागली की त्यांच्या हातांना चैन पडायचं नाही. वाळलेले देठ, माना टाकलेली बोंडं, वाफ्यांवर साचलेला पाचोळा हे सगळं त्यांना दोरे लोंबणाऱ्या कपड्यासारखं दिसायचं. कापून, झाडून मोकळं करावं, मग खुशाल पडू दे थंडी. आई म्हणायची, हात लावायचा नाही. पोकळ देठांमध्ये किडे झोपलेत. बोंडातलं बी पाखरांना लागतं. पाचोळ्याखाली मुळं उबेत राहतात.

"झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण ओढायची कसली हौस ती?"

"पण दिसतं कसं ते."

"कोणाला?"

"मला."

"मग तुम्ही पुढच्या दाराने जात-येत जा."

शेवटी वाटणी झाली. घरापुढची पट्टी बाबांची, मागची बाग आईची. पुढची पट्टी हिवाळाभर नुकत्या दाढी केलेल्या गालासारखी गुळगुळीत असायची. मागे थंडी सरेपर्यंत सगळं उभं. "जमलं असतं तर यांनी झाडांना इस्त्री केली असती," असं आई आल्यागेल्याला सांगायची. बाबाही हसायचे, कारण ते खरंच होतं.

यंदा बाबांनी पुढची पट्टी आई गेली त्याच आठवड्यात कापून टाकली होती. मागे मात्र पाऊल टाकलं नव्हतं. मागच्या खोलीच्या खिडकीला पडदा ओढलेला होता, आणि तो उघडायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

या खेपेला तिने शनिवारचीही सुट्टी काढली. बाबांचे कपडे भरलेली बॅग दारापाशी उभी करून ठेवली. जाड कोट सगळ्यात खाली, मग लोकरीचे कपडे, वर औषधं. मग सकाळीच आईचे जुने हातमोजे घालून, झाडांची कात्री घेऊन ती मागच्या दाराने बाहेर पडली.

बागेची पार रया गेली होती. सूर्यफुलांनी माना खाली घातलेल्या. डेलियाचे देठ काळपट. घेवड्याचा वेल तारेवर वाळून खडखडत होता. एवढं सगळं आपण एकटीने कापायचं, या विचारानेच तिला पायरीवर बसावंसं वाटलं. ती बसलीही. बसल्या बसल्या तिला चिंध्या दिसल्या.

काही झाडांना खाली, देठाच्या बुडाशी चिंधी बांधलेली होती. राखाडी निळ्या कापडाची, कोटाच्या अस्तराची असते तशी. दोन झेंडूंना, मधल्या वाफ्यातल्या काही झिनियांना, काकडीच्या एका वेलाला, कोपऱ्यातल्या डेलियाला. गाठी आईच्या होत्या, त्या कोणीही ओळखल्या असत्या. आई गाठ मारायची ती सुटू नये म्हणूनच.

मग तिला आठवलं. दवाखान्यात नेण्याच्या थोडं आधी आई काठी टेकत बागेत गेली होती आणि बऱ्याच वेळाने धापा टाकत परत आली होती. कुठे गेली होतीस, तर म्हणाली, थोडं काम होतं.

म्हणजे हे काम होतं. आपण गेल्यावर बाग कापली जाणार हे आईला ठाऊक होतं. बाबांना तर ती ओळखूनच होती. म्हणून तिने जी राखायची त्यांना खूण करून ठेवली. वाचनालयात खूण घातलेलं पुस्तक कोणी फळीवर परत ठेवत नाही, कारण वाचणारा परत येणार असतो. ती पायरीवरून उठली. अंगात जरा बळ आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी तिला नेमकं काय करायचं ते सांगत होतं.

ती कापत सुटली. चिंधी नसलेलं प्रत्येक झाड तिने बुडापासून कापलं आणि मागच्या कोपऱ्यात ढीग केला. मधल्या वाफ्यातल्या चिंधीवाल्या झिनियांना तिने हलक्या हाताने वळसा घातला. त्यांची पानं पांढुरकी दिसत होती. धूळ असेल, म्हणून तिने एकदोन पानं हातमोज्याने पुसलीसुद्धा. कोपऱ्यातला डेलिया वाकला होता, त्याला काठीचा टेकू देऊन सरळ उभा केला.

दुपारकडे कुंपणापलीकडे शेजारच्या मावशी आल्या. मावशी एकट्या राहायच्या आणि गल्लीत कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कोणाकडचा दिवा कितीला मालवला, हे सगळं त्यांना माहीत असायचं. घरात त्यांचं नाव इन्स्पेक्टर पडलं होतं.

"बरं केलंस बाई," मावशी म्हणाल्या. "तुझ्या आईला सांगून सांगून माझी जीभ झिजली. दर वर्षी तुमचं सगळं बी उडून माझ्याकडे."

"त्रास झाला असेल तुम्हाला."

"त्रास म्हणजे काय. ते बघ ना." मावशींनी बोट दाखवलं. त्यांच्या कुंपणालगत आईच्याच बागेतले अॅस्टर रांगेने उभे होते. फुलं वाळली होती, पण एकही रोप उपटलेलं नव्हतं. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा निघाले म्हणे?"

"उद्या."

"हं. मग रात्री इकडे दिवा नसायचा." आणि मावशी आत गेल्या.

अंधार पडेपर्यंत मागच्या बागेचा घराकडचा अर्धा भाग मोकळा झाला होता. जमीन दिसत होती, आणि जमिनीवर इथे तिथे चिंधीवाली झाडं, पाहुणे उठून गेल्यावर मांडवात राहिलेल्या खुर्च्यांसारखी. तिची पाठ आखडली होती. हातमोज्यांतून काटे शिरून बोटं सुजली होती. जेवताना बाबांनी निम्मं अंडं ताटात ठेवलं.

"झालं?"

"अर्धं झालं."

"घाई नाही."

"आहे, बाबा. या आठवड्यात गारठा वाढतोय म्हणतात."

पावाचा तुकडा मोडून त्यांनी त्याचे आणखी दोन तुकडे केले, आणि तेही तसेच ठेवले.

रविवारी सकाळी ती उरलेल्या अर्ध्याकडे वळणार तोच मागचं दार उघडलं. बाबा तिच्यासाठी चहा घेऊन आले होते. पायरीवर येऊन ते थबकले. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच या बाजूला येत होते. कप हातात धरूनच त्यांनी बागेवरून नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट बघावा तशी.

"हे काय केलंस?"

"आईने खुणा करून ठेवल्या होत्या. चिंधी बांधलेली राखलीयत सगळी. एकालाही धक्का लावलेला नाही."

बाबांनी कप पायरीवर ठेवला. हळूहळू खाली उतरून ते झिनियापाशी गेले, गुडघ्यावर हात रोवून वाकले आणि एक पान तोडून अंगठ्याने चोळलं. अंगठा पिठात बुडवल्यासारखा पांढरा झाला.

"भुरी," ते म्हणाले. "रोग पडलाय याला. उन्हाळ्यातच पडला होता, ती म्हणत होती." मग काकडीचा वेल बघितला, झेंडू बघितले. "सगळ्यांवर आहे. ही काढायची होती, बाळा."

"असं कसं. खूण राखायच्यालाच करतात ना?"

बाबांनी कमरेत ताठ होत श्वास घेतला. "दुकानात दुरुस्तीचे कपडे यायचे तेव्हा ती काय करायची, आठवतं? टेबलावर पसरायची आणि जिथे उसवायचं तिथे चिंधी टाचायची. बाकी कपड्याला हात नाही. चांगल्या शिवणीला कोण चिंधी लावतं?"

तिला आठवलं. शाळेतून येऊन ती त्याच टेबलाखाली बसायची. वरून चिंध्या गळायच्या, त्यांच्या ती बाहुल्या करायची. सगळं माहीत होतं. काल एकदाही मनात आलं नव्हतं.

तिने कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघितलं. जाड, पोकळ, निरोगी देठ. बियांनी भरलेली बोंडं. ती वाफ्याच्या कडेवर बसली.

"म्हणजे मी चांगली तेवढी कापली आणि रोगट तेवढी राखली."

"हो," बाबा म्हणाले. त्यांना खोटी समजूत घालता येत नसे. मग डेलियाकडे बघत म्हणाले, "टेकू मात्र छान दिलायस."

तिला हसू आलं. आवरायला गेली तर आणखी आलं, आणि ते हसणं वाटेत कुठेतरी हसणं राहिलं नाही. बाबा शेजारी बसले. वाफ्याची कड फार उंच नव्हती. बसताना त्यांना तिच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, आणि बसल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

"काल खिडकीतून बघितलं असतंत तर," ती शेवटी म्हणाली.

"पडदा ओढलेला होता."

"माहितीय मला."

"तो मी उघडत नाही," बाबा म्हणाले.

मग दोघं कामाला लागली. तिने रोगट झाडं मुळासकट उपटायची, बाबांनी आधी चिंधी सोडायची. कात्री त्यांच्या खिशातच असायची, दोरे तोडायची छोटी. पण त्यांनी ती काढली नाही. प्रत्येक गाठ नखांनी, एकदा तर दातांनी सोडवली. वेळ फार लागत होता. तिला डोळ्यांपुढे बस दिसत होती, दारापाशी उभी बॅग दिसत होती, तरी ती पोत्याचं तोंड धरून उभी राहिली. सुटलेली चिंधी बाबा झटकून खिशात घालत.

"रोगट झाडाची आहे ती," ती म्हणाली.

"उकळत्या पाण्यातून काढू. चांगलं अस्तर आहे."

मावशी कुंपणाशी आल्याच. "आता दोघं मिळून उरलेलं काढताय वाटतं."

"नाही," बाबा म्हणाले. "आजारी तेवढी काढतोय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तसंच उभं."

"म्हणजे हिवाळाभर तोच पसारा."

"तोच."

"तिच्यासारखंच करायला लागलात की," मावशी म्हणाल्या. पण गेल्या नाहीत. पोतं बांधून होईपर्यंत त्या कुंपणावर कोपर टेकून, कुठे पान राहिलं ते दाखवत उभ्या होत्या.

कापलेले देठ परत उभे करता येणार नव्हते. पण टाकून द्यायला बाबांनी नकार दिला. त्यांनी त्यांच्या जुड्या बांधल्या, दुकानात कापडाचे गठ्ठे बांधायचे तशा, दोन जागी आवळून, आणि कुंपणाला टेकवून ठेवल्या. बोंडं वर, पाखरांना दिसतील अशी. पाचोळा तिने दाताळ्याने ओढून उघड्या वाफ्यांवर परत पसरला. काल जो झाडून गोळा केला, तोच. हे काम तिला सगळ्यात जड गेलं.

ऊन उतरलं. बागेचा पलीकडचा अर्धा भाग जसाच्या तसा उभा होता आणि त्याला कोणी हात लावणार नव्हतं. पायरीवर बसून तिने हातमोजे काढले. बस पकडायची तर आता उठायला हवं होतं. काल रात्रीपर्यंत सगळं सरळ होतं. बाग आवरली की निघायचं.

"बाबा, मग ही आवरायची कधी?"

"थंडी सरली की. तिची वेळ तीच."

"तेव्हा मी येऊन करेन सगळं. आपण आत्ता निघू. घर बंद राहील, बाग काही पळून जात नाही."

"तू कापणार?" बाबा म्हणाले, आणि टेकू दिला होता त्या कोपऱ्याकडे बघितलं.

मग बाबा बोलले, खाली बघत, शिवणीवरून बोट फिरवावं तसं पायरीच्या कडेवरून बोट फिरवत. "अट का घातली, सांगू? मला वाटलं, हे सगळं एकदा गेलं ना, की मग इथे राहावं असं काही उरणार नाही. निघणं सोपं जाईल. मला स्वतःला कापवत नव्हतं, म्हणून तुझ्या गळ्यात घातलं."

"आणि आता?"

"आता उरलंय ना." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तू म्हणालीस तर येतो. शब्द दिलाय. बॅग भरलेली आहे."

हे तिला ठाऊक होतं. ती हो म्हणाली असती तर ते उठले असते, हात धुऊन कोट मागितला असता. मग तिच्या घरात, कपाटाला कोपर आपटत, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत बघत राहिले असते. आणि तिला शनिवारी झोपता आलं असतं. शनिवारच्या त्या झोपेचा तिने कालपर्यंत किती विचार केला होता, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"किटलीचं काय?" तिने विचारलं.

"शिट्टीची आण. वास कळत नाही मला, शिट्टी कळते."

"आणि पडलात बिडलात तर?"

"इन्स्पेक्टर आहे की." कुंपणापलीकडे, मावशींच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता. "माझा दिवा लागला नाही तर ती दार तोडून येईल. आधी मला बोलेल, मग डॉक्टरला बोलावेल."

फोन वाजला. दादा होता.

"झालं का आवरून?"

"जेवढं काढायचं होतं तेवढं झालं."

"मग निघालात ना?"

"नाही. बाबा इथेच राहतायत. थंडी सरली की बघू."

पलीकडे दादा बराच वेळ बोलला. तो म्हणत होता त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आणि हिवाळाभर त्यांच्याकडे बघणार कोण?"

"मी येईन," ती म्हणाली. "येतेच आहे ना."

ते म्हणताना दर शनिवारची बस, काचेवरचं धुकं, सोमवारची डुलणारी अक्षरं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. कोणी तिला थोर म्हणू नये असं तिला वाटलं. तसं काही नव्हतं. दुसरं काही सुचलं नव्हतं, एवढंच.

आजची बस गेली होती. आता सकाळची पहिली पकडून थेट कामावर जावं लागणार होतं. ती आत आली. बाबा मागच्या खोलीत गेले होते. पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्याचा आवाज आला, एकदा, मग थांबून पुन्हा. बऱ्याच दिवसांनी ओढल्यामुळे त्या अडकत असाव्यात.

"गार व्हायला लागलंय," बाबा आतून म्हणाले. "माझा कोट कुठेय गं?"

कोट बॅगेत सगळ्यात खाली होता. ती दारापाशी जमिनीवर बसली आणि बॅग उघडून एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. आधी औषधं, मग लोकरीचे कपडे.